चार जॅक आणि एक स्विच: ऑडिओ सिलेक्टरच्या डब्यासाठी घेतलेल्या सामानाचा अनुभव

आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट माझ्याकडे आहे. १९८८ च्या मे महिन्यात गावच्या घरी, पहाटे, टेपरेकॉर्डर उंबऱ्यावर ठेवून मीच ती भरली होती. जात्याची घरघर, मध्येच बांगड्यांचा आवाज आणि एक ओवी संपून दुसरी सुरू होण्याआधीचा तिचा श्वास, सगळं त्यात आहे. गेल्या वर्षी ती ऐकायला बसलो, तर नेमक्या त्या श्वासाच्या जागी डाव्या स्पीकरमधून खरखर. टेप गेली असंच मला वाटलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

टेप गेलेली नव्हती. डेकला थेट हेडफोन लावला तर आवाज स्वच्छ. ॲम्प्लिफायरच्या सिलेक्टरचं, म्हणजे कोणती वस्तू ऐकायची ते निवडणाऱ्या स्विचचं, बटण बोटाने जरा दाबून धरलं की खरखर थांबायची, सोडलं की परत यायची. ॲम्प्लिफायर १९९२ सालचा, आतला सिलेक्टर प्लेटवर शिसं मारून (सोल्डर करून) बसवलेला, आणि त्या मापाचा आता कुठे मिळत नाही. सुदैवाने मागे ‘टेप मॉनिटर’चं इनपुट आहे. ते सिलेक्टरला वळसा घालून आत जातं आणि त्याचं वेगळं बटण अजून ठणठणीत आहे. म्हणजे इनपुट एकच चांगलं, आणि जोडायच्या वस्तू चार: कॅसेट डेक, रेकॉर्ड प्लेअर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आणि नातवाचा ब्लूटूथ रिसीव्हर. म्हणून बाहेर एक स्विचचा डबा करायचं ठरवलं. त्यासाठी काय काय घेतलं, कुठे फसलो, काय उत्तम निघालं, ते सांगतो.

मी टेलिफोन खात्यात २८ वर्षं काढली. त्यातली सुरुवातीची वर्षं जुन्या, यांत्रिक स्विचवर चालणाऱ्या स्ट्राउजर एक्स्चेंजमध्ये, रिलेचे, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट साफ करण्यात गेली. त्यामुळे या डब्याचा जीव कशात आहे, याबद्दल माझं मत पक्कं आहे. तो वायरमध्ये नाही, सोनेरी सॉकेटमध्ये नाही, दोन पत्र्या जिथे एकमेकींना टेकतात त्या टिचभर जागेत आहे. स्विचचे कॉन्टॅक्ट बहुधा चांदीचे किंवा चांदीचा मुलामा दिलेले असतात. पैंजण जसे घालायचे राहिले की काळे पडतात, तशीच ही चांदीही हवेतल्या गंधकाने काळी पडते. एक्स्चेंजमध्ये ५० व्होल्टची बॅटरी होती, तो दाब असली पापुद्र्यासारखी काजळी सहज फोडायचा. इथे तसं नाही. कॅसेट डेकमधून येतो जेमतेम अर्धा व्होल्ट, आणि ॲम्प्लिफायरचं इनपुट असतं ४७ किलोओहमचं. गणित करा, कॉन्टॅक्टमधून जाणारा प्रवाह साधारण ११ मायक्रोअँपिअर येतो. एवढ्याशा प्रवाहाने काजळी जळत नाही, फुटत नाही. कॉन्टॅक्टचा रोध एखादा ओहम वाढला तर ४७ हजारांपुढे तो कुणाच्या कानाला कळणार नाही. पण तो रोध क्षणोक्षणी बदलत राहिला की खरखर होते. म्हणून पैसे घालायचे ते इथे घाला.

पहिली खेप पुण्याची. साताऱ्याहून एसटीने स्वारगेट, तिथून मेट्रोने मंडई, आणि पुढे चालत बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. यादीत सर्वांत वर होता रोटरी स्विच, तीन पोल चार वे. पोल म्हणजे एका वेळी एकत्र फिरणारे वेगवेगळे मार्ग. डावा आवाज, उजवा आवाज आणि तिसरा पोल ग्राउंडसाठी, म्हणजे सिग्नलच्या परतीच्या वायरीसाठी. तो का, ते पुढे येतं. चार वे म्हणजे चार वस्तू.

या स्विचमध्ये दोन जाती असतात आणि बाहेरून दोन्ही जुळ्या भावांसारख्या दिसतात. एकात पुढचा कॉन्टॅक्ट लागल्यावर मागचा सुटतो, त्याला शॉर्टिंग म्हणतात. दुसऱ्यात मागचा सुटल्यावरच पुढचा लागतो, तो नॉन-शॉर्टिंग. आपल्याला दुसरा हवा. पहिला घेतला तर फिरवताना क्षणभर टीव्हीचं आउटपुट आणि डेकचं आउटपुट एकमेकांत घुसतात. बहुतेक यंत्रांत आउटपुटला रेझिस्टर असतो म्हणून लगेच काही जळत नाही, पण दोन आउटपुट एकमेकांवर ढकलणं मला अजिबात पसंत नाही.

पहिल्या दुकानात मी स्पष्ट विचारलं. काउंटरवरच्या मुलाने “हो काका, तोच आहे, सगळे सारखेच असतात” म्हणून ६० रुपयांना एक हातात ठेवला. गर्दी होती, मीही तपासलं नाही. घरी येऊन मीटर लावला, तर शॉर्टिंग. पुढच्या खेपेला परत करायला गेलो; शिसं लावलेलं नव्हतं, पाकीटसुद्धा होतं, तरी घेतला नाही. ६० रुपयांचं दुःख नाही. पण साताऱ्याहून येणाऱ्या माणसाचा दिवस जातो, आणि ‘माहीत नाही’ एवढं म्हणायला पैसे पडत नाहीत. मला ते लागलं.

त्याच गल्लीत दुसऱ्या एका दुकानात मात्र मालकांनी स्वतःचा मल्टिमीटर काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, “तुम्ही बघून घ्या, तुम्हाला कळतंय.” मला त्या दुकानाबद्दल तेव्हाच आदर वाटला. तपासायची पद्धत सांगतो, दोन मिनिटांची आहे. मीटर बझरवर ठेवायचा. मधल्या कॉमन लगला (लग म्हणजे वायर जोडायची पत्री) हात लावायचा नाही. एक काडी पहिल्या क्रमांकाच्या लगवर, दुसरी शेजारच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लगवर धरायची. आता दांडा अगदी सावकाश फिरवायचा, घड्याळाला किल्ली देतो त्याहून सावकाश. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना अधेमध्ये कुठेही ‘बीप’ झालं, तर तो शॉर्टिंग. पूर्ण शांत राहिला, तर आपला. मी सहा स्विच तपासले, चार नॉन-शॉर्टिंग निघाले. त्यातले ज्यांची ‘टक’ स्पष्ट लागत होती ते दोन घेतले, प्रत्येकी १८० रुपये. लॉर्लिन कंपनीच्या सीके मालिकेच्या घडणीचे होते, प्लॅस्टिकच्या अंगाचे, ३० अंशांवर थांबणारे. आत एकूण १२ जागा. त्या एक पोल बारा वे, दोन पोल सहा वे, तीन पोल चार वे किंवा चार पोल तीन वे अशा वाटून मिळतात. वर नटाखाली एक चकती असते, तिचं टोक ज्या भोकात बसवाल तिथे फिरणं अडतं. दोन पोल सहा वे घेऊन चारवर अडवायचा असेल तर ती चकती उपयोगाची. दुकानात हातात आली नाही तर मागून घ्या, ती बऱ्याचदा पाकिटाच्या तळाशी पडलेली असते.

स्विचच्या तोंडावर बुशच्या, म्हणजे नट बसतो त्या आट्यांच्या गळ्याच्या, बाजूला एक छोटा खुंटा असतो. डबा सपाट बसावा म्हणून पुष्कळजण तो कापतात. कापू नका. डब्याला त्याच्यासाठी ३ मिलिमीटरचं भोक पाडा. तो खुंटा नसेल तर नट जरासा सैल झाला की बटणाबरोबर अख्खा स्विच फिरतो आणि मागच्या वायरी तुटतात. माझ्या मित्राच्या डब्याचं नेमकं हेच झालं होतं.

रिलेचाही विचार केला होता. मुलीकडे डोंबिवलीला गेलो होतो, तेव्हा दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर दोन तास फिरलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं असलं तरी सामान घेणारा प्रत्येकजण लॅमिंग्टन रोडच म्हणतो. तिथे निळ्या चौकोनी १० अँपिअरच्या रिलेची तयार प्लेट ठिकठिकाणी दाखवतात, स्वस्तही असते. मोटर, दिवा, पंप यांना ती चांगली आहे. ऑडिओला घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. असल्या रिलेचे कॉन्टॅक्ट मोठा प्रवाह तोडायला बनवलेले असतात; ओमरॉनच्या जी५एलई या याच जातीच्या रिलेच्या माहितीपत्रकात किमान भार १०० मिलिअँपिअर, ५ व्होल्ट असा दिलेला आहे. आपला प्रवाह ११ मायक्रोअँपिअर, म्हणजे जवळपास ९ हजार पटींनी कमी. नवीन असताना आवाज छान येतो, काही महिन्यांनी एक चॅनेल येईनासा होतो, मग टिचकी मारली की येतो. याउलट सिग्नल रिले म्हणून लहान आडव्या रिले येतात, पॅनासॉनिकची टीक्यू२ त्यातली. तिच्या चांदीच्या कॉन्टॅक्टवर सोन्याचा थर असतो आणि माहितीपत्रक १० मायक्रोअँपिअर, १० मिलिव्होल्टपर्यंतचा भार चालतो असं सांगतं. सोनं काळं पडत नाही, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. एक रिले दोन मार्ग तोडते, म्हणजे चार वस्तूंना डाव्या-उजव्या आवाजासाठी चार रिले, ग्राउंड तोडायचं तर आणखी. दूरवरून रिमोटने बदलायचं असेल, तर हाच मार्ग आणि मी तो बिनधास्त सुचवेन. मला नको होता, कारण मग ५ व्होल्टचा अडॅप्टर आला, प्रत्येक कॉइलवर उलटा डायोड आला, आणि अडॅप्टरची स्वतःची किणकिण आली. माझा डबा ॲम्प्लिफायरच्या शेजारीच राहणार होता. शिवाय रोटरीमध्ये फिरवताना कॉन्टॅक्ट आपोआप घासले जातात. आठवड्यातून एकदा आठ-दहा वेळा उलटसुलट फिरवला की काजळी साठत नाही.

आता ग्राउंडबद्दल. साधा डबा करताना सगळ्या सॉकेटची ग्राउंड एकत्र जोडतात आणि फक्त आवाजाच्या वायरी बदलतात. मी आधी पुठ्ठ्यावर तसंच जोडून पाहिलं. कॅसेट लावली, ओव्या सुरू झाल्या, आणि त्यांच्याखाली एकसारखी भुणभुण. सेट-टॉप बॉक्सची पिन काढली की भुणभुण बंद. टीव्ही तर निवडलेलाही नव्हता! पण गच्चीवरच्या छत्रीची केबल आणि तिची जाळी कुठेतरी लोखंडाला टेकलेली, इकडे ॲम्प्लिफायर तीन पिनी, आणि दोघांना जोडणारं ग्राउंड माझ्या पुठ्ठ्यावर. त्या वेटोळ्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरत होता. तिसरा पोल घेतला तो यासाठी. जी वस्तू निवडली तिचंच ग्राउंड जोडलेलं, बाकी तिघांचं तुटलेलं. अनेकजण अशा वेळी ॲम्प्लिफायरच्या तीन पिनी प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. ते कधीही करू नका. भुणभुण जाईल, पण आत काही बिघडलं तर पत्र्याला हात लावणारा माणूस जाईल.

ग्राउंड असं वेगळं ठेवायचं तर सॉकेट डब्याच्या पत्र्यापासून तुटक हवेत, आणि इथेच आरसीए सॉकेटची, म्हणजे ऑडिओ केबलचे गोल जॅक बसतात त्या सॉकेटची, निवड आली. १० रुपयांचं सॉकेट थेट पत्र्याला कसलं जातं, त्याचं ग्राउंड डब्यालाच लागतं, म्हणजे तिसऱ्या पोलचा सगळा खटाटोप वाया. एकाच पट्टीवर चार-सहा सॉकेट येतात, त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांचं ग्राउंड आतून एकच असतं. मी लॅमिंग्टन रोडवरून सुटी सॉकेट घेतली, नायलॉनच्या दोन वॉशरची, प्रत्येकी ४५ रुपये, एकूण दहा: आठ इनपुटची, दोन आउटपुटची. पत्र्यातून जाणाऱ्या वॉशरला काठ असतो, तो भोकात नीट बसला पाहिजे. म्हणून भोक वॉशरच्या मापाचं पाडायचं, सॉकेटच्या आट्यांच्या मापाचं नाही. बसवून झाल्यावर प्रत्येक सॉकेट आणि डबा यांच्यात बझर लावून पाहा. माझं एक सॉकेट बोललं. वॉशर तिरका बसला होता.

वरचा सोनेरी मुलामा मला फार महत्त्वाचा वाटत नाही. दिसायला चांगला आणि काळा पडत नाही, एवढंच. खरी परीक्षा असते मधल्या पिनेभोवतीचं प्लॅस्टिक. स्वस्तातल्यात शिसं मारायच्या २५ वॅटच्या इस्त्रीनेही (सोल्डरिंग आयर्न) ते विरघळतं आणि मधली पिन एका बाजूला कलते. मग जॅक घालताना पिनेची पकड सैल, आणि खरखर सुरू. यावर उपाय असा की शिसं मारण्याआधी सॉकेटमध्ये एक जुना आरसीए जॅक घालून ठेवायचा. तो पिन मधोमध धरून ठेवतो आणि बरीच उष्णता स्वतःकडे ओढून घेतो. शिसं ६३/३७ चं (६३ भाग कथील, ३७ भाग शिसं) घ्या. ते १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. ६०/४० सारखी मधली चिखलाची अवस्था नाही, त्यामुळे जोड हलून मातकट होत नाही. लगवर आधी शिशाचा पातळ थर, वायरीच्या टोकाला पातळ थर, मग दोन्ही टेकवून दोन सेकंद. चमकदार आणि आत झुकलेला जोड दिसला की पुढे जायचं.

डब्यासाठी मी आधी भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचा पीव्हीसी डबा वापरून पाहिला. हात जवळ नेला की आवाजात फरक पडायचा. नंतर ॲल्युमिनियमचा ओतीव डबा घेतला, ४८० रुपये. या सगळ्यात महाग वस्तू तीच, आणि त्या पैशांचं मला समाधान आहे. ॲल्युमिनियमला घरच्या ड्रिलने सरळ भोक पडतं, स्विचच्या बुशला १० मिलिमीटरचं पुरतं. डबा आउटपुटच्या ग्राउंडला एकाच जागी जोडायचा, आणि त्या जागेचा रंग घासून खालचा चकचकीत धातू दिसला पाहिजे. रंगावर टॅग कसला, तर जोडलेलं काहीच नाही.

वायरबद्दल थोडक्यात. आत जेमतेम ८ सेंटिमीटरचे तुकडे लागतात. मी दोन मीटर टेफलॉनची वायर घेतली, कारण इस्त्री लागल्यावर तिचं वेष्टण मागे आकसत नाही, आणि लग एकमेकांजवळ असल्याने ते महत्त्वाचं ठरतं. बाहेरच्या केबलला मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज खाणारी विद्युतधारणा, असतो. वस्तूचा आउटपुट रोध एक किलोओहम आणि केबल तीन मीटर धरली तरी आवाज कमी व्हायला सुरुवात होते ती ५०० किलोहर्ट्झच्या पुढे. आपले कान २० लाही पोचत नाहीत. तेव्हा हजारो रुपयांच्या केबलवर पैसे घालू नका. रेकॉर्ड प्लेअरचा अपवाद. त्याच्या काट्यातून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, तिथे केबलचा कपॅसिटन्सही कळतो आणि स्विचची खरखरही. त्याला आधी फोनो प्रीॲम्प, म्हणजे तो बारीक सिग्नल वाढवणारा छोटा ॲम्प्लिफायर, लावायचा आणि प्रीॲम्पचं आउटपुट डब्याला द्यायचं.

स्विच एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना ॲम्प्लिफायरचं इनपुट क्षणभर अधांतरी राहतं आणि ‘भूँ’ असा आवाज येतो. त्यासाठी आउटपुटच्या दोन्ही सॉकेटवर सिग्नल ते ग्राउंड असा एकेक १०० किलोओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर जोडला. आवाज पुष्कळ कमी झाला, पूर्ण गेला नाही, कारण या जोडणीत ग्राउंडही तुटतं. व्हॉल्यूम खाली करून मगच फिरवायचा, असं घरात सगळ्यांना सांगितलं आहे. सौ. तर आता न सांगता तसं करते.

नॉबने मात्र त्रास दिला. माझ्या स्विचचा दांडा ६ मिलिमीटरचा, आणि लॅमिंग्टन रोडवर आवडून घेतलेला ॲल्युमिनियमचा नॉब पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ चा. बाजूचा स्क्रू घट्ट केला की नॉब एका अंगाला सरकतो आणि फिरताना लटपटतो. दांड्याला पितळेच्या पातळ पत्र्याचा एक वेढा दिला, मग बसला. नॉब घेताना स्विच खिशात ठेवा आणि तिथेच घालून पाहा.

सगळं मिळून खर्च १,६०० रुपयांच्या थोडा आत आला, परत न घेतलेल्या स्विचसकट. गाडीभाडं वेगळं.

पहिल्या संध्याकाळी डब्याचं झाकण न लावताच कॅसेट लावली. सेट-टॉप बॉक्स चालू ठेवला होता मुद्दाम. भुणभुण नाही. जात्याची घरघर आली, पहिली ओवी झाली, मग आईचा श्वास, दोन्ही स्पीकरमधून, जसा होता तसा. सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी डब्याचं आउटपुट लॅपटॉपला देऊन मी दोन्ही बाजू उतरवून घेतल्या आणि गावी भावाला पाठवल्या.

आता सहा महिने झाले. चार जागा, रोजचा वापर, एकदाही खरखर नाही. दुसरा स्विच प्लॅस्टिकच्या पिशवीत, हवा काढून, सिलिका जेलच्या पुडीबरोबर कपाटात ठेवला आहे. कुणी पुण्याला जाणार असेल तर तपकीर गल्लीत मीटर स्वतःचाच घेऊन जा, आणि त्याची बॅटरी आदल्या रात्री बघून ठेवा.